डस्ट कॅप काढून फेज प्लग बसवताना: माझा अनुभव

माझ्या बैठकीच्या खोलीतले दोन्ही स्पीकर मी स्वतःच जुळवलेले आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेले साडेसहा इंची, कागदी शंकूचे फुल-रेंज ड्रायव्हर (स्पीकरमधला आवाज काढणारा भाग; फुल-रेंज म्हणजे खर्जापासून तारपर्यंत सगळे एकटाच वाजवणारा) आणि प्लायवूडची खोकी, एवढाच त्यांचा थाट. माणसाचा आवाज त्यांच्यावर सुरेख वाजत असे; मात्र ‘स’चा उच्चार आणि सतारीची जवारी (तारांचा झणझणाट) ऐकताना एक तीक्ष्ण कड कानाला लागायची. मापनाचा मायक्रोफोन मीटरभर अंतरावर ठेवून संगणकावर आलेख काढला, तेव्हा सात किलोहर्ट्झच्या आसपास सुमारे पाच डेसिबलचा उंचवटा दिसला. माझा संशय शंकूच्या मध्यावरच्या घुमटाकार टोपीवर, म्हणजे डस्ट कॅपवर गेला.

हा संशय अगदीच निराधार नव्हता. सात किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी जेमतेम पाच सेंटिमीटर असते आणि माझ्या ड्रायव्हरच्या टोपीचा व्यास चार सेंटिमीटर आहे. अशा वेळी टोपी शंकूबरोबर एकसंध हलत नाही, तिची स्वतःची थरथर सुरू होते. शिवाय शंकूच्या समोरासमोरच्या बाजूंकडून निघालेला ध्वनी मधला खळगा ओलांडताना कुठे एकमेकांत मिळतो, तर कुठे एकमेकांना खोडतो. टोपी काढून तिथे न हलणारा, बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता प्लग, म्हणजे फेज प्लग, चुंबकाच्या मधल्या लोखंडी पोलवर (खांबावर) बसवला, तर थरथरणारा भाग नाहीसा होतो आणि खळगाही भरून निघतो. फेज प्लग हे नाव मुळात कर्ण्याच्या ड्रायव्हरमधले आहे. १९२० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत वेन्ट आणि थुरास यांनी घडवलेल्या ड्रायव्हरमध्ये, मोठ्या पडद्याच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेला ध्वनी कर्ण्याच्या अरुंद तोंडाशी एकाच वेळी पोहोचावा, यासाठी असा प्लग होता. शंकूच्या ड्रायव्हरमधला प्लग हा त्याचा नावापुरता भाऊबंद आहे, त्याचे काम बरेच साधे आहे; दोन्हींची गल्लत केल्यामुळे सुरुवातीला माझ्या अपेक्षा उगाच वाढल्या होत्या.

टोपी एकदा कापली की चुंबकाची फट (शंकू हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जिच्यात हलते ती पोलभोवतीची अरुंद जागा) उघडी पडते आणि धूळ आत जाऊ लागते, म्हणून आधी प्लग तयार करायचा आणि मगच पाते लावायचे, असे मी ठरवले. मापांसाठी दुरुस्तीच्या दुकानातून त्याच बनावटीचा, कॉइल जळालेला एक ड्रायव्हर मिळवला आणि तो पूर्ण उकलला. व्हर्नियरने मोजल्यावर पोलचा व्यास २४.९ मिलिमीटर आणि कॉइल ज्या नळीवर गुंडाळलेली असते तिचा आतला व्यास २५.४ मिलिमीटर भरला. म्हणजे पोल आणि नळी यांच्यात चहूबाजूंनी पाव मिलिमीटरची जागा. पुढचा सगळा खटाटोप याच पाव मिलिमीटरचा होता.

पहिली जोडी मी मे महिन्यात आंब्याच्या लाकडात करून घेतली. कातारीमामांना आकार समजावताना माझे रेखाचित्र निरुपयोगी ठरले. शेवटी “आर नसलेला भोवरा, वरचा भाग नळकांड्यासारखा सरळ आणि खालचे टोक गोलसर” असे सांगितल्यावर ते चटकन समजले. “साहेब, हा भोवरा फिरायचा नाही,” असे म्हणत त्यांनी दोन्ही नग अर्ध्या तासात उतरवून दिले. त्यांचा हिशेब सुतांत, म्हणजे आठ सुतांचा एक इंच. मला हवे होते मिलिमीटरचे दशांश. उरलेले काम मी घरी सँडपेपरने केले आणि व्यास बरोबर पोलइतका, २४.९ मिलिमीटर, ठेवला. ही चूक होती, पण ती कळायला जुलै उजाडावा लागला.

टोपी काढण्यासाठी अ‍ॅसिटोनने डिंक मऊ करण्याचा मार्ग मी टाळला, कारण तेच अ‍ॅसिटोन झिरपून कॉइलच्या नळीचा जोडही सोडवू शकते. त्याऐवजी डिंकाच्या रेषेच्या दोन मिलिमीटर आतून धारदार पात्याने गोल काप घेतला. त्यामुळे टोपीची एक अरुंद कडी शंकूला चिकटून राहिली आणि शंकूच्या गळ्याचा ताठरपणा टिकला. पाते आत शिरताच चुंबकाने ते असे खेचले की त्याचे टोक पोलवर ‘टक्’ करून आदळले; हात सैल असता तर नळी चिरलीच असती. त्यानंतर मी अंगठा ड्रायव्हरच्या कडेवर टेकवून, एका वेळी बोटभर इतकेच कापत गेलो. टोपी सुटताच फटीवर मास्किंग टेप लावला. लोखंडाचा एक कण जरी फटीत गेला, तरी तो चुंबकाला धरून बसतो आणि पुढे प्रत्येक सुराबरोबर खरखरतो.

प्रयोग फक्त उजव्या ड्रायव्हरवर केला आणि तुलनेसाठी डावा जसाच्या तसा ठेवला. प्लग बसवण्याआधी, नुसती टोपी काढलेल्या अवस्थेतही एक आलेख काढला, आणि तेवढा एक शहाणपणा केला याचे मला आजही बरे वाटते. त्या आलेखात उंचवटा टोपी निघताच जवळजवळ तीन डेसिबलने बसला होता. मात्र नऊ किलोहर्ट्झजवळ नवा खड्डा पडला होता आणि दहा किलोहर्ट्झच्या वरचा आवाज उतरला होता, म्हणजे वरच्या पट्टीतला काही भाग ती बदनाम टोपीच पुरवत होती. प्लग बसवल्यावर खड्डा बराचसा भरला, वरची पट्टी थोडीफार परत आली आणि उंचवटा आणखी एखाद्या डेसिबलने कमी झाला. हा मधला आलेख नसता, तर सगळे श्रेय मी बिनदिक्कत प्लगला दिले असते.

जुलैत, पाऊस लागून राहिल्यानंतर, उजव्या स्पीकरमधून खर्जाच्या सुरांबरोबर कागद घासल्यासारखा आवाज येऊ लागला. वीस हर्ट्झचा सूर अगदी हलका लावून शंकूजवळ कान नेला, तर प्रत्येक हेलकाव्याला बारीक ‘खर्र’ ऐकू येई. प्लग बाहेर काढून मोजला: एका दिशेने २५ आणि तिला काटकोनात २५.३ मिलिमीटर. दमट हवेत लाकूड फुगते हे मला ठाऊक होते; पण ते रेषांच्या आडव्या दिशांना कमी-अधिक फुगते आणि त्यामुळे गोल वस्तू लंबगोल होते, हे मी विसरलो होतो.

दुसरी जोडी भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची करून घेतली. लोखंडाचा प्लग पोलला आपोआप चिकटला असता. पण त्याने फटीजवळच्या चुंबकक्षेत्राची रचना बदलली असती, म्हणून तो मोह टाळला. या वेळी व्यास २४.४ मिलिमीटर ठेवला. लांबी मात्र आधी प्रयोगाने ठरवली: तेवढ्याच व्यासाच्या बुटक्या ठोकळ्यावर मुलीच्या खेळण्यातल्या क्लेची वेगवेगळी टोके बसवून प्रत्येक वेळी समोरून आणि तीस अंश बाजूने आलेख काढले. वीस मिलिमीटरचे टोक असून नसल्यासारखे होते. पस्तीसचे समोरून उत्तम, पण बाजूने ओबडधोबड निघाले. अठ्ठावीसवर मी थांबलो. त्यातला खालचा बारा मिलिमीटर भाग सरळ ठेवला, म्हणजे शंकू पूर्ण बाहेर आला तरी नळीचे तोंड त्या सरळ भागावरच राहते. लेथवरून आलेल्या जॉबला लोखंडाचा बुरादा चिकटलेला असू शकतो, म्हणून दोन्ही प्लग साबणाने धुऊन, चुंबक फिरवून, मगच हातात घेतले.

मध्य साधण्याची युक्ती मला दुरुस्तीवाल्यांकडून मिळाली. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीच्या असतात. प्लग आणि नळी यांच्यात अर्धा मिलिमीटर जागा होती, म्हणून चार ठिकाणी दोन-दोन पट्ट्या उभ्या खोचल्या, बुडाला संथ सुकणारे इपॉक्सी अगदी पातळ लावून प्लग खाली दाबला आणि चोवीस तासांनंतर पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या. मग दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू समतोल दाबून पाहिला; कसलाही आवाज आला नाही.

त्यानंतर डावा ड्रायव्हरही तसाच केला. जवारी आता झणझणते, टोचत नाही. मोठ्या आवाजात खर्ज लागला की प्लगच्या कडेने हवा ये-जा करताना बारीक ‘फुस’ ऐकू येते, कारण पूर्वी तो मार्ग टोपीने बंद केलेला होता. ऐकण्याच्या जागेवरून ती जाणवत नाही, म्हणून मी तिच्या नादी लागलो नाही. आंब्याचे दोन्ही प्लग टेबलाच्या खणात पडून आहेत. जानेवारीत सहज व्हर्नियर लावला, तर फुगलेला प्लग पुन्हा २४.९ मिलिमीटर भरला, आणि चांगला गोल.