उत्तर तापी, चूक माझी

‘सातपुड्याला लागून पश्चिमेकडे वाहणारी, खचदरीतून जाणारी ही नदी खंभातच्या आखाताला मिळते...’ कॉलेजांच्या प्रश्नमंजुषेत इथवर मी प्रश्न वाचला आणि तिसऱ्या टेबलावरचा दिवा लागला. धडगावकडचा मुलगा होता. उभा राहून स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘नर्मदा.’ माझ्या हातातल्या कागदावर ‘तापी’ लिहिलेलं. मी म्हटलं, चूक, वजा पाच. मग उरलेला प्रश्न वाचला: मुलताईला उगम, काठावर भुसावळ, मुखाशी सुरत. शेजारच्या टेबलाने तापी सांगून दहा गुण घेतले.

तो मुलगा काही बसेना. ‘मॅडम, नर्मदापण पश्चिमेलाच जाते. आमच्या गावाच्या खालून जाते.’ हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले. ते अजून टोचतं, कारण त्याचं बरोबर होतं. मी जिथं थांबले होते तिथपर्यंतचा एकेक शब्द नर्मदेलाही लागू होता. सातपुडा मध्ये, उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, दोघी खचदरीतून पश्चिमेला आणि दोघी खंभातच्या आखातात. जळगावात वाढलेल्या मला नदी म्हटलं की तापीच दिसते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला राहणाऱ्याला नर्मदा दिसणार, यात नवल ते काय?

अंतिम फेरीत चार संघ जाणार होते. त्यांचा संघ पाचवा आला, पाच गुणांनी. संध्याकाळी खुर्च्या आवरताना आमचे शिपाईदादा म्हणाले, ‘त्या पोऱ्यानं काय चुकनं, मॅडम?’ मी गप्प राहिले.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांची प्रश्नमंजुषा घ्यायची ठरली तेव्हा प्राचार्य सरांनी सरळ हिशोब मांडला: पुस्तकं तुमच्या ताब्यात, मग प्रश्नही तुम्हीच काढा. मी सामान्य ज्ञानाची चार गाइडं, दोन विश्वकोशाचे खंड आणि जिल्ह्याचं गॅझेटियर घेऊन बसले आणि आठ दिवसांत साठ प्रश्न पाडले. ‘पाडले’ हाच शब्द योग्य. त्यातले सत्तावीस कोरे गेले, म्हणजे एकाही संघाने उत्तर दिलं नाही. मला त्या दिवशी त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, हे कबूल करते. प्रश्न कोणालाच आला नाही म्हणजे आपण काहीतरी उंचीचं विचारलं, अशी माझी समजूत होती.

नर्मदेचं प्रकरण डोक्यातून जाईना म्हणून मी जरा शोधाशोध केली. आपल्याला प्रश्नमंजुषा म्हटलं की बोर्नव्हिटावाली आठवते. १९७२ साली ती रेडिओवर सुरू झाली, तेव्हा हमीद सयानी प्रश्न विचारायचे. अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र दुसराच एक प्रकार रुजलाय. त्याचं मूळ १९५३ सालच्या कॉलेज बोल या रेडिओ कार्यक्रमात आहे, आणि त्याच घराण्यातली युनिव्हर्सिटी चॅलेंज १९६२ पासून ब्रिटनच्या टीव्हीवर आली. या अमेरिकी स्पर्धांत आज एक प्रश्न म्हणजे चार-सहा वाक्यांचा परिच्छेद असतो. सगळ्यात अवघड खूण पहिल्या वाक्यात, मग जराशी सोपी, आणि शेवटच्या वाक्यात ज्याला त्याला माहीत असलेली. घंटी मध्येच वाजवता येते. बऱ्याच स्पर्धांत लवकर वाजवून बरोबर सांगितलं तर १५, नंतर १०, प्रश्न संपायच्या आत चुकलं तर वजा ५. वजा पाचाचा नियम मी कुठूनतरी ऐकून आमच्याकडे आणला होता. त्याच्यासोबत येणारी जबाबदारी मात्र आणली नव्हती. मुलाला मध्येच तोडायची मुभा दिली, तर प्रश्न जिथं कुठं तुटेल तिथं त्याचं उत्तर एकच असायला हवं.

दुसऱ्या वर्षी प्रश्न पुन्हा माझ्याच गळ्यात. या खेपेला मी चार महिने आधी सुरुवात केली, आणि गाइडं कपाटातच राहू दिली.

आधी उत्तरांची यादी केली, प्रश्नांची नव्हे. प्रत्येक उत्तरापुढे स्वतःला विचारायचं: हे नाव एफवायच्या मुलाने कधीतरी ऐकलंय का? नसेल तर उत्तर बाद. आदल्या वर्षी मी विचारलं होतं, ‘पाटणचा शिलालेख कोणी उजेडात आणला?’ उत्तर भाऊ दाजी लाड. कोरा गेला, जाणारच. या खेपेला तोच मजकूर उलटा केला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात सांगितलंय की चांगदेव नावाच्या नातवाने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथं मठ काढला, साल १२०७. ती झाली पहिली ओळ. शेवटच्या ओळीत लीलावती, आणि उत्तर भास्कराचार्य. ज्याने पाटणादेवीला गेल्यावर देवळातला तो दगड वाचलाय तो पहिल्या ओळीला उठेल, ज्याने फक्त शाळेचं पुस्तक वाचलंय तो शेवटी, पण रिकाम्या हाताने कोणी जाणार नाही.

फैजपूरने मला वेगळाच धडा दिला. ‘काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन’ ही मला चांगली मधली खूण वाटत होती. आमच्या मुलांसमोर चाचणी घेतली तर ‘ग्रामीण’ शब्द पुरा व्हायच्या आत सात हात वर. खान्देशात शाळेच्या भिंतीवर हे लिहिलेलं असतं! हाच प्रश्न कोल्हापुरात मधला ठरेल, इथं तो शेवटचा. मग वर चढवलं ते अधिवेशनाचं टिळकनगर, बांबू आणि गावातलंच सामान वापरून नंदलाल बोसांनी उभं केलेलं. मग १९३६ चा डिसेंबर. मग अध्यक्ष नेहरू. आणि अगदी तळाशी ते ‘ग्रामीण’. प्रश्न अवघड की सोपा हे कागदावर ठरतच नाही, तो कुठल्या गावात वाचला जातोय त्यावर ठरतं.

खरी डोकेदुखी निघाली ती भाषेची. हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही, स्वतःच ठेच लागून कळलं. आपलं वाक्य क्रियापदाने संपतं आणि ‘त्या नदीचे नाव काय?’ हे शेवटी येतं. तोवर ऐकणाऱ्याला पत्ता नसतो की आपल्याला धरण विचारतायत, गाव विचारतायत की माणूस. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘ही नदी’, ‘हे गाव’ असं सांगून टाकायचं. पण सांगितलं रे सांगितलं की लिंग उघडं पडतं. ‘आसोद्याला जन्मल्या’ म्हटलं की बाई आहे हे कळलं, आणि जळगाव जिल्ह्यात तेवढ्यावर बहिणाबाई कळल्याच. क्रियापदच फितूर. त्यावर आमच्या मराठीच्या मॅडमनी तोडगा दिला: ‘ही व्यक्ती’ लिहा. व्यक्ती स्त्रीलिंगी, त्यामुळे साने गुरुजी असोत की बहिणाबाई, ‘ही व्यक्ती’ जन्मलीच. नद्यांमध्येही तीच गंमत. ‘हा नद’ लिहिलं की शोण, ब्रह्मपुत्र अशी दोन-चारच नावं उरतात.

धुळ्याच्या तुरुंगाचा प्रश्न याच युक्तीने सावरला. १९३२ साली विनोबांनी तिथं दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, अठरा अध्यायांची अठरा, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. उत्तर साने गुरुजी ठेवलं तर ‘उतरून घेणारे’ म्हणताच खेळ संपतो. ‘या व्यक्तीने’ वापरून सुरुवात अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांपासून केली आणि तुरुंग खाली ढकलला.

आता तापी. तिचा प्रश्न मी सात वेळा लिहिला. पौराणिक खूण सर्वांत वर घ्यायची म्हणून आधी लिहिलं, ‘ही नदी सूर्याची मुलगी मानली जाते.’ रात्री जेवताना लेकीला वाचून दाखवलं. भाकरीचा तुकडा हातातच, म्हणाली, ‘यमुना.’ परत तेच! यमुनाही सूर्याचीच लेक, फक्त आई वेगळी, संज्ञा. तापी छायेची, म्हणजे शनीची सख्खी बहीण. ‘सख्खी’ या एका शब्दावर प्रश्न उभा राहिला. शेवटी झाला तो असा:

‘सूर्य आणि छाया यांची मुलगी, म्हणजे शनीची सख्खी बहीण मानली जाणारी ही नदी. हिच्या आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे या तीर्थाला दक्षिण काशी म्हणतात. चांगदेवला हिला पूर्णा येऊन मिळते. हतनूर आणि उकाई ही हिच्यावरची धरणं. मुलताईला उगम पावून, सातपुड्याच्या दक्षिणेने ७२४ किलोमीटर वाहत सुरतेला पोचणाऱ्या या नदीचं नाव सांगा.’

उत्तराखाली आणखी एक ओळ: ‘ताप्ती चालेल.’ ही सवयही नवीनच. मुक्ताईनगरच्या उत्तराखाली ‘एदलाबाद चालेल’ असं लिहून ठेवलं होतं, आणि नेमकं एका मुलीने आजीच्या तोंडचं एदलाबादच सांगितलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागद पुढे केला, वाद तिथंच मिटला.

घंटीचा प्रश्न जिंकणाऱ्या संघाला तीन जोडप्रश्न मिळतात, दहा-दहा गुणांचे. त्याचा तिकडचा ठोकताळा असा: एक दहांतल्या नऊ संघांना यावा, एक पाचांना, एक एखाद्यालाच. ऐकायला सोपं आहे. मी कवींचा एक संच केला. सोपा बहिणाबाई, मधला १८९० मध्ये धरणगावला जन्मलेले आणि १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली गेलेले बालकवी, अवघड, बहिणाबाईंच्या कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा प्रस्तावना कोणाची? चाचणीत अवघडच सगळ्यांना आला. कसा आला म्हणून विचारलं तर एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, प्रस्तावना म्हटलं की आपण अत्रेच ठोकतो.’ ठोकून येणारा प्रश्न अवघड नसतो. तो संच मोडला.

एकूण अठ्ठेचाळीस प्रश्न झाले. चाचणीसाठी आमचीच सहा मुलं बसवायची, वाचत जायचं, आणि हात जिथं वर होईल तिथं पेन्सिलीने रेघ मारायची. सगळ्या रेघा एकाच शब्दावर आल्या तर तो प्रश्न ज्ञानाचा नाही, बोटाच्या चपळाईचा. रेघा ओळीओळींवर पसरल्या तर जमलं. (सहाही मुलांना मी शपथ घातली होती, तरी एकाने आपल्या मैत्रिणीला तीन प्रश्न सांगितले. ते तीन बदलावे लागले.) घंट्यांचंही एक होतं. पहिल्या वर्षी दोन दिवे एकदम लागायचे आणि भांडणं व्हायची. आयटीआयच्या मुलांनी रिले टाकून दिले. पहिला दिवा लागला की बाकीच्यांचं बटण मेलं.

स्पर्धा जानेवारीत झाली. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, त्यामुळे जेवणानंतरच्या फेरीत जरा पेंग होती. प्रश्न वाचायला आम्ही मराठीच्या एका सरांना बसवलं आणि ते कविता वाचावी तसे वाचायला लागले. प्रत्येक स्वल्पविरामाला एवढा मोठा दम घ्यायचे की मुलांना वाटायचं प्रश्न संपला, आणि दोघं त्यातच वजा पाचाला गेले. ते गुण आम्ही परत दिले. पुढच्या वर्षी आधी दोन दिवस वाचनाची तालीम.

कोरे गेले फक्त चार. एक प्रश्न मात्र साफ फसला. रामन यांच्यासाठी पहिली ओळ मी मोठ्या विचाराने घेतली होती: कोलकात्यात अर्थखात्याची नोकरी सांभाळून ही व्यक्ती संशोधन करत असे. पाच शब्द होतात न होतात तोच तीन टेबलं धावली. दर २८ फेब्रुवारीला विज्ञानाचे सर भाषणात हेच सांगतात, मला काय माहीत! ग्रंथालयात बसून भाषणं ऐकू येत नाहीत.

तापीचा प्रश्न ‘गोमाई’ला तुटला. शहाद्याकडच्या कॉलेजातली मुलगी होती, प्रकाशे तिच्या रोजच्या वाटेवरचं. पंधरा गुण. कोणी हसलं नाही, कोणी भांडलं नाही.

धडगावच्या त्या मुलाला मी शोधलं होतं. स्पर्धेआधी त्याच्या कॉलेजला पत्र लिहिलं की मागच्या वर्षीचा प्रश्न सदोष होता आणि ते वजा पाच चुकीचे होते. त्याच्या सरांचा फोन आला. मुलगा पास होऊन गेला, आता पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पळायला जातो. ‘सांगतो त्याला,’ म्हणाले.

यंदा मी उत्तर नर्मदा असलेला प्रश्न लिहायला घेतलाय. पहिली ओळ अजून बसत नाही. अमरकंटकपासून सुरुवात केली तर शोणही तिथलाच. पण मी ‘ही नदी’ म्हणणार, म्हणजे शोण आपोआप गळतो, असं म्हणून मी खूश होऊन वही मिटली. रात्री लेकीने नकाशा उघडला आणि म्हणाली, ‘आई, आणि ही जोहिला?’ तीही तिथूनच निघते, आणि ती ‘ही’च आहे. ओळ खोडली. आता भडोचकडून वर यावं म्हणते.