इथे 'काल्यो' कुणी म्हणत नाही: पट अडवण्याची पुढची नोंद

पाय सुटला. एकेरी पटात (एक पाय धरून पाडायच्या डावात) पक्का गुंतलेला, गुडघ्यामागे दोन्ही हातांची घट्ट कडी, पैलवानाचं डोकं माझ्या बरगडीत रुतलेलं, अशा अवस्थेतून सुटला. आणि सुटला तो कुस्तीच्या डावाने नव्हे, आपल्या द्वी चागीने, म्हणजे वळून टाचेने मागे झाडायच्या लाथेने. मी तायक्वांदोवाला, कुस्तीच्या तालमीत पट अडवायला शिकतोय. मागच्या वेळी ज्यांनी 'तायक्वांदोवाल्याने पट अडवण्यापेक्षा पळायला शिकावं' असा सल्ला दिला होता, त्यांनी हे नीट बसून वाचावं. त्यानंतरच्या दोन सेकंदांत जे झालं त्यावर तुम्ही हसणार आहातच, पण ते पुढे.

दुखणं तेच जुनं. लाथ लागते, चांगली लागते, आणि लाथ संपल्यावरचा अर्धा सेकंद मला खातो. आपल्या क्योरुगीत (लढतीत) धरलं की गाम-जॉम (दंड), पडलं की गाम-जॉम. 2017 च्या नियमबदलात क्यॉन्ग-गोची (अर्ध्या दंडाच्या ताकिदीची) सवलतही गेली, आता चूक झाली की थेट एक गुण समोरच्याला. त्यामुळे आयुष्यभर सराव करूनही आपली लाथ कुणी झेलत नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक छातीपट आल्यापासून पुढचा पाय कमरेइतका उचलून तलवारीसारखा नाचवायची सवय लागलेली. आणि लाथ संपली की? छातीला छाती लावायची, हात खाली सोडायचे आणि पंच 'काल्यो' (वेगळे व्हा) म्हणायची वाट बघायची. तालमीत काल्यो म्हणणारं कुणी नाही. मी छातीला छाती लावून उभा राहतो, पैलवान शांतपणे काखेतून हात घालतो, कंबर धरतो, टांग लावतो आणि मी आढ्याकडे बघत पडलेला असतो. वस्तादांचं निदान एका वाक्याचं: "मास्तर, लाथ झ्याक हाय तुमची, पर लाथ मारून तुम्ही कौतुकाला थांबताय."

आता मूळ प्रश्न. दोल्यो चागी (बाजूने गोल फिरवून मारायची लाथ) मारल्यावर पाय कुठे टाकायचा?

पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ आहे: गुडघा दुमडून परत आण, पाय मागे टाक, गार्ड घे. पॅडवर हे जमतं. पण चांगला पटवाला लाथ संपायची वाट बघत नाही. लाथ परतीला निघाली की तिच्या मागोमाग तो आत येतो. त्या क्षणी माझं सगळं वजन मागच्या एका पायावर असतं, कंबर उंच असते आणि अंग आडवं वळलेलं असतं. इथे स्प्रॉल मारायचा म्हटलं तर दोन्ही पाय एकदम मागे फेकून कंबर त्याच्या मानेवर टाकावी लागते. आडव्या अंगाने कंबर मागे जातच नाही, तिरकी घसरते. एक पाय मागे जातो, पुढचा त्याच्या हातात राहतो. दुहेरी (दोन्ही पायांचा) पट अडला म्हणून खूश व्हावं तोवर त्याचा एकेरी झालेला असतो. पावसाळाभर मी स्प्रॉलच घोटत होतो आणि पावसाळाभर पुढचा पाय देत होतो.

उपाय जिथे मिळेल असं वाटलं नव्हतं तिथे मिळाला. पाय मागे न्यायचाच नाही. लाथ परत आली की तो पाय जरा बाहेरच्या बाजूला टाकायचा, दोन्ही पावलं खांद्याएवढी फाकवून, गुडघे वाकवून. म्हणजे जवळपास आपली जुचुम सोगी (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं), फक्त पावलं थोडी तिरकी. पांढऱ्या पट्ट्याच्या दिवसांत जिच्यात उभं राहून मांड्या भाजल्या आणि नंतर जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तीच. ती घेतल्याबरोबर कंबर समोर येते आणि खाली येते. त्याच दमात पुढच्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू त्याच्या गळपट्टीच्या हाडावर आडवी लावायची. ढकलायचं नाही, नुसती आड ठेवायची. आता पैलवान आला तरी त्याचं डोकं माझ्या छातीखाली येतं, कुशीत जात नाही. नंतरचा स्प्रॉल शेंबडं पोरही मारेल.

मात्र दर वेळी वेळेवर पाय टाकता येत नाही. गेल्या रविवारी आलाच नाही. पाय गेला हातात. इथे आपल्या लोकांचं एक भांडवल आहे, ते विसरू नका: एका पायावर उभं राहणं. कुस्तीत नवा आलेला पोरगा पट लागला की लगेच बसतो, आपण लंगडी घालत आखाडाभर फिरू शकतो. मी फिरलो. फिरता फिरता त्याच्या हातावरून माझा हात घालून आवळला, म्हणजे व्हिझर, दुसऱ्या हाताने त्याचं डोकं खाली दाबलं आणि पाय ओढायला लागलो. पाय जागचा हलेना. ओढलं की तो छातीशी आणखी घट्ट धरतो, हे तर होणारच. मग कंटाळून म्हणा किंवा सवयीने म्हणा, द्वी चागीला वळतो तसा वळलो: मांडी आतल्या बाजूला फिरली, बोटं जमिनीकडे, टाच वर, आणि टाच सरळ मागे झाडली. पाय असा सटकला की त्याचे हात एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. कारण साधं आहे. गुडघा वर असताना तो वाकलेल्या खोबणीत धरलेला असतो. मांडी आत वळली की खोबणच उरत नाही, पाय सरळ नळकांडं होतो. कुस्तीवाले, एमएमएवाले (पिंजऱ्यातल्या मिश्र लढतीवाले) हे नेहमी करतात, नवीन काही नाही. नवीन एवढंच की आपल्या अंगात ही हालचाल आधीपासून कोरलेली आहे आणि कुणी आपल्याला सांगितलेलं नाही.

आता ते दोन सेकंद. द्वी चागीला वळलो म्हणजे पाठ दिली. पाठ दिली म्हणजे पैलवानाला ताट वाढून दिलं. व्हिझर सुटला होता, त्याने मागून कंबर आवळली, उचललं आणि मातीत तोंडघशी घातलं. वर बसून म्हणाला, "दादा, पाय सोडवलासा ते ब्येस केलंसा, पर त्याच्याबरोबर सगळंच दिलंसा की."

तर सध्या अडलंय ते इथे. पाय सुटतो, पाठ जाते. व्हिझर शेवटपर्यंत घट्ट राहिला तर पाठ पूर्ण जात नाही, पण व्हिझर घट्ट ठेवला तर कंबर पुरती वळत नाही आणि पाय अर्धवट अडकतो. दोन्हींच्या मधला बिंदू सापडायचाय. आता टाच झाडल्याबरोबर वळण तसंच पुढे चालू ठेवून पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा समोर यायचं, असं करून बघतोय. सावकाश केलं तर जमतं. जोरात केलं की चक्कर येते आणि पैलवान हसतो.

तुमच्यापैकी एकाने हापकिडोचं (कोरियन स्वसंरक्षण कलेचं) मनगट-कुलूप सुचवलं होतं. करून पाहिलं. मनगट सुटं असेल तर ठीक, पण पटात दोन्ही हात एकमेकांत गुंफलेले असतात, वर तेल-ताक-हळद घातलेली माती, आणि पैलवानाचं मनगट माझ्या पिंढरीएवढं. हापकिडोला नावं ठेवत नाहीये. हापकिडोचे जनक चोई योंग-सुल यांचे पहिले शिष्य सुह बोक-सब स्वतः ज्युदोचे ब्लॅक बेल्ट होते, म्हणजे धरपकड त्या घरात पहिल्या दिवसापासून आहे. पण पटाचं औषध मनगटात नाही. उलट त्यांचं नाकबॉप (पडायचं तंत्र) रोज करतो. पाठीवर पडताना हनुवटी छातीला आणि हात जमिनीवर सपाट, एवढ्यामुळे मान शाबूत आहे.

युदोच्या (कोरियन ज्युदोच्या) वर्गाचा विचार मात्र सोडला. फी भरायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं की आंतरराष्ट्रीय ज्युदोत 2010 मध्ये पायाला थेट हात घालण्यावर बंदी आली आणि 2013 मध्ये ती पुरी कडक झाली. त्यानंतर तयार झालेल्या मुलांनी स्पर्धेत पट पाहिलेलाच नाही. फेकी शिकायच्या तर युदो उत्तम, पण मला आज हवं आहे ते तिथे मिळणार नाही.

त्याऐवजी सिरुम, म्हणजे कोरियन कुस्ती. कमरेभोवती आणि मांडीभोवती सात्बा (कापडी पट्टा) गुंडाळायचा, एकमेकांचा धरायचा आणि वाळूत सुरुवात. गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग टेकला की हार. 2018 मध्ये दोन्ही कोरियांच्या नावाने मिळून युनेस्कोच्या यादीत गेलेला हा खेळ, आणि मला त्याचा सात्बा भारतात कुठे मिळाला नाही! परदेशातून मागवायचा खर्च बघून तालमीजवळ लंगोट शिवणाऱ्या काकांकडे गेलो. दुहेरी मांजरपाट, चार पदरी शिवण, टोकाला गाठ मारायला जागा. दोन दिवसांत शिवून दिला आणि 'हे कशाला' असंही विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात फायदा दिसला. सात्बा धरून उभं राहिलं की छातीला छाती लागल्यावर कंबर उंच ठेवणं परवडतच नाही, समोरचा उचलतो आणि पोटावर घेऊन टाकतो. त्यामुळे काल्योची वाट बघायची सवय शब्दांनी नव्हे, आपटण्याने सुटत चालली आहे. पटाला सिरुमचा उपयोग नाही, तिथे सुरुवातच धरून होते. पण माझं अर्धं दुखणं त्या मिठीतच होतं.

ज्यांना वाटतं हे सगळं फुकटचं वेड आहे, त्यांनी 2010-11 चा काळ आठवावा. डिसेंबर 2010 मध्ये एमएमएतल्या, तायक्वांदोतून आलेल्या अँथनी पेटिसने पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन बेन्सन हेंडरसनला लाथ घातली आणि जगभरचे तायक्वांदोवाले नाचले. जून 2011 मध्ये क्ले ग्वीडाने त्याच पेटिसला खाली पाडून पाडून गुणांवर हरवलं. ती लाथ सगळ्यांना पाठ आहे, ग्वीडाची लढत कुणी बघत नाही. मला विचाराल तर ती आपल्या वर्गात दाखवायला हवी. आणि लाथ खाणारा हेंडरसन? तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट आणि कॉलेजातला चांगला कुस्तीगीरही.

सामानाबद्दल थोडं. मातीत लाथांचा सराव करू नका. माती पावलाचा चवडा पकडून ठेवते, टेकलेला पाय फिरत नाही आणि दोल्यो चागीचा सगळा पीळ गुडघ्यात जातो. लाथा मॅटवर, धरपकड मातीत. दोन्ही जोडून करायचं असेल तर पुन्हा मॅट. तिथे कोड्यासारखे जोडायचे 20 मिलिमीटरचे फोमचे तुकडे घेऊ नका, स्प्रॉलला सांधे उघडतात आणि पायाचं बोट फटीत जातं. 40 चे घ्या आणि वरून ताडपत्री ताणून कडेला बांधा. ऑनलाइन घेतलेला 'स्पर्धा दर्जाचा' डोबॉक (तायक्वांदोचा पोशाख) पहिल्या मिठीत काखेत टरकला. जुना ज्युदोचा जाड सदरा वापरतोय. कानाला पट्टी मात्र आजच घ्या, व्हिझर धरताना कान चोळला जातो आणि पैलवानांचे कान तुम्ही पाहिले आहेतच.

हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलं. मी लाथेनंतर पाय कुठे टाकायचा यावर एवढा खल करतोय, पण लाथेच्या आधी माझा पुढचा पाय एकाच जागी उभा असतो, पैलवान तोच हेरून ठेवतो. तेक्क्यॉनच्या (जुन्या कोरियन लढाऊ खेळाच्या) पुम्बाल्गीत, म्हणजे पायचालीत, पावलं त्रिकोणात सतत बदलत राहतात, आता डावा पुढे, आता उजवा, आणि दर पावलाला गुडघा वाकून कंबर खाली जाते. तिथे पाडणं आणि लाथ दोन्ही एकाच खेळात असल्यामुळे चाल अशी घडली असणार. म्हणजे हेरायला एक पायच मिळणार नाही, आणि कंबर आधीच खाली असेल तर लाथेनंतर जुचुम सोगीत उतरायला लागणारा वेळही वाचेल. द्वी चागीनंतरची गिरकीसुद्धा त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकावर पाय टाकून संपवता येईल, नुसतं गरगरण्यापेक्षा बरं.

त्यामुळे गिरकीचा सराव या आठवड्यापुरता बंद. रोज सकाळी पुम्बाल्गी, आधी नुसती, मग दर तिसऱ्या पावलाला दोल्यो चागी, मग पैलवानाला पटात घुसायला सांगून. कुणी तेक्क्यॉन खरोखर शिकलं असेल तर एवढंच सांगा: पाऊल बदलताना वजन मधोमध असतानाचा जो क्षण येतो, तेव्हा पट आला तर कोणता पाय वाचवायचा?