म्युनिक लूप: दोन वीकेंडचा तिढा सुटला

म्युनिकला शिकणाऱ्या सांगलीच्या पोरांच्या दोन वीकेंडच्या रेल्वे सहलीचा हा बेत. मागच्या अपडेटमध्ये घोडं अडलं होतं ते इंटररेलच्या, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीच्या रेल्वे पासच्या, एका नियमावर. राहत्या देशात हा पास दोनदाच चालतो, एकदा बाहेर पडताना आणि एकदा परतताना. सलग सुट्टी असेल तर हरकत नाही. पण आपल्या पोरांना लेक्चरांमुळे महिनाभरात कुठलेही 4 दिवस चालणारा पास दोन शनिवार-रविवारांत वाटून वापरायचाय, म्हणजे दुसऱ्या वीकेंडला जर्मनीतून बाहेर काढायला पास उरतच नाही.

तोडगा डी-टिकटातच होता, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल आणि रिजनल गाड्यांच्या मासिक तिकिटात. ते सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, तसंच कुफ्स्टाइनपर्यंतही. शुक्रवारी संध्याकाळी म्युनिकहून आरई (रिजनल एक्सप्रेस) पकडायची, पावणेदोन तासांत साल्झबुर्ग. तिथे मुक्काम, आणि पासचा दिवस शनिवारी सकाळी तिथूनच सुरू. परतीलाही तसंच. मात्र त्याच रुळांवरच्या ईसी किंवा रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत डी-टिकटावर चढलात तर किमान 60 युरो दंड. शेवटची आरई चुकलीच, तर पासची न वापरलेली परतीची फेरी तिथे वापरता येते, पासचा दिवस चालू असतोच. म्हणून ती फेरी राखून ठेवा.

डी-टिकट जानेवारी 2026 पासून 63 युरोला आहे. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं; पुढच्या महिन्यात नको असेल तर या महिन्याच्या 10 तारखेच्या आत बंद करायचं, नाहीतर पैसे कापले गेलेच म्हणून समजा. दोन्ही वीकेंड एकाच कॅलेंडर महिन्यात बसवा.

इंटररेल पासचा फॉर्म सांगलीतून भरणाऱ्या पालकांसाठी: 'राहण्याचा देश' जर्मनी. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून भारत निवडलात की युरेल समोर येतो, आणि तो युरोपात राहणाऱ्यांसाठी नाही. एजंटाच्या कोटेशनवरही इंटररेल लिहिलंय की युरेल, ते आधी तपासा. मोबाइल पासला तीन दिवसांतून एकदा तरी नेट लागतं, आणि गाडीत चढण्याआधी ती गाडी पासमध्ये टाकावी लागते.

पहिला वीकेंड ठरला: शनिवारी व्हिएन्नामार्गे बुडापेस्ट, रविवारी परत. रेलजेटला सीट बुक करणं सक्तीचं नाही, पण डिसेंबरच्या बाजारांच्या दिवसांत केलेलं बरं. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाड्यांतल्या पासवाल्यांसाठीच्या मोजक्या सीटांपेक्षा ऑस्ट्रियाची ही पद्धत कितीतरी सरळ.

दुसऱ्या वीकेंडला स्लोव्हेनियातलं ब्लेडचं तळं लिहिलं होतं. पण लेस्से-ब्लेड स्टेशनपासून तळं चारेक किलोमीटर, आणि थंडीत दिवस लवकर मावळतो. त्यापेक्षा ऑस्ट्रियातला नवा रेल्वेमार्ग, कोराल्मबान! 14 डिसेंबर 2025 ला सुरू झालेला हा मार्ग, जवळपास 33 किलोमीटरचा बोगदा, ग्राझ ते क्लागेनफुर्ट पाऊण तासाच्या आत. शनिवारी साल्झबुर्गहून व्हिएन्ना, मग सेमरिंगचा 1854 चा जुना रेल्वे घाट, ग्राझ, बोगदा, क्लागेनफुर्टला मुक्काम. रविवारी फिलाखवरून टाउअर्न मार्गाने साल्झबुर्ग. सेमरिंग उजेडात गाठायचा, म्हणून पहाटेची गाडी. ब्लेड पुढच्या सेमिस्टरला.

परतताना जर्मनीच्या सीमेवरच्या फ्रायलासिंग स्टेशनला तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट आणि राहण्याच्या परमिटचं कार्ड दोन्ही जवळ हवं. आणि सांगलीहून पार्सल पाठवणाऱ्यांनो, भडंग पाठवा, पेढे नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत.

आता फक्त रविवारच्या शेवटच्या आरईची वेळ पक्की करायची आहे.