पोटात काही ठरत नाही

मागच्या रविवारी मिरजेहून भाचीचा फोन आला. नर्सिंग झालंय तिचं, ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चाललीय, पुढच्या वर्षी इकडे इंग्लंडला यायचं डोक्यात आहे. म्हणाली, मावशी, फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे त्या गेट अप, पुट ऑफसारख्या जोड्यांची, एखादी यादी असेल तर पाठव ना, पाठ करून टाकते. मी म्हटलं यादी नको, सविस्तर लिहून कळवते. मग वाटलं इथेच लिहावं, तिच्यासारख्या बऱ्याच मुली निघायच्या तयारीत आहेत.

मी नॉटिंगहॅमला वॉर्डवर काम करते, पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे. आले तेव्हा वॉमिटिंग, डिझिनेस, युरिनेशन सगळं तोंडपाठ होतं. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला एक आजोबा म्हणाले, "आय कान्ट कीप एनीथिंग डाऊन, डक." डक म्हणजे इकडे आपल्या 'बाळा'सारखं, कुणालाही म्हणतात. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता, मला वाटलं तो खाली ठेवता येत नाहीये, म्हणून मी तो घेऊन टेबलावर ठेवला, तर ते परत म्हणाले, "इट ऑल कम्स बॅक अप," आणि तेवढ्यात शेजारच्या बेडजवळची हेल्थकेअर असिस्टंट पुठ्ठ्याचं भांडं घेऊन धावली. त्यांना दुपारपासून उलट्या होत होत्या. कीप डाऊन म्हणजे पोटात ठरणं! आपल्याकडचा पेशंट तरी कुठे 'वमन' म्हणतो, तो म्हणतो पोटात काही ठरत नाही, गरगरतंय, सगळं पडलं. दुखत असलं की माणूस घरातलीच भाषा बोलतो, आणि इंग्रजीची घरातली भाषा म्हणजे ही छोटी क्रियापदं आणि त्यांना चिकटलेले अप, डाऊन, ऑफ, आऊट.

त्याला कारणही आहे. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग दरबारात आणि कायद्यात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन, आणि पुट, गेट, कम, गो ही जुनी मंडळी चुलीपाशी राहिली. अजूनही पुस्तकात पोस्टपोन आणि तोंडात पुट ऑफ, पुस्तकात टॉलरेट आणि तोंडात पुट अप विथ. आपण शिकतो ते पुस्तकातलं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण याच जोड्यांची होते. हे वाचलं तेव्हा मला खूप धीर आला.

आता वरचंच वाक्य बघा, 'लिहून ठेवलंय'. नुसतं लिहिलंय नाही. सांगितलं, सांगून टाकलं, सांगून ठेवलं, सांगून बसला, या चौघांतला फरक आपल्याला कुणी शिकवला का? टाकलं म्हटलं की एकदाचं संपवलं, ठेवलं म्हटलं की पुढच्यासाठी तजवीज, बसला म्हटलं की आता निस्तरा. इंग्रजी नेमकं हेच काम त्या शेपटांकडून करून घेतं. ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक, वेअर ऑफ म्हणजे हळूहळू उतरत जाणं, भुलीसारखं. म्हणून भाचीला सांगते, यादी पाठ करू नकोस, प्रत्येक जोडीला मराठीतलं जोडक्रियापद शोध, नाहीच सापडलं तर ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं ते लक्षात ठेव. कम राऊंडची मी दोन माणसं लक्षात ठेवलीत, एक ऑपरेशननंतर चारला शुद्धीवर आलेला पेशंट आणि दुसरी चारला त्याला भेटायला आलेली बायको. आणि पासआऊट! आपण कॉलेजातून पासआऊट होतो, इकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपणं, त्यामुळे इंटरव्ह्यूत हा शब्द चुकूनही वापरू नकोस.

जागाही सांभाळायची. टेक ऑफ युअर कार्डिगन चालतं, टेक युअर कार्डिगन ऑफ पण चालतं, पण इट आलं की ते मध्येच बसणार, टेक इट ऑफ. लुक आफ्टर हिमचं मात्र तसं नाही, तिथे हिम शेवटीच. मराठीतून येणाऱ्या चुकाही ठरलेल्या. 'तुम्ही बसावं असं मला वाटतं'वरून आपण आय वॉन्ट दॅट यू सिट म्हणतो, ते आय वॉन्ट यू टू सिट हवं. 'मला समजावून सांगा'वरून एक्सप्लेन मी म्हणतो, ते एक्सप्लेन इट टू मी.

पण ज्यात धोका आहे ते वेगळंच. 'डिड यू रिमेम्बर टू टेक युअर टॅब्लेट' म्हणजे गोळी आठवणीने घेतली का, आणि 'डू यू रिमेम्बर टेकिंग इट' म्हणजे घेतल्याचं आठवतंय का. विसराळू आजींना दुसरा प्रश्न विचारला तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतील, आणि ते 'नाही' कुणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजलं तर त्यांना दुसरी गोळी दिली जाईल. स्टॉप्ड टेकिंग म्हणजे गोळी बंद केली, स्टॉप्ड टू टेक म्हणजे हातातलं काम थांबवून घेतली. मराठीत हे आपण शेवटच्या अक्षरांवर पेलतो, घ्यायला विसरले, घेतल्याचं विसरले, म्हणून इंग्रजीत बोलायच्या आधी मी अजूनही मनात तेवढा घ्यायला-घेतल्याचं एकदा तपासून घेते.

एक गोष्ट मात्र मला आजही बोचते. तिसऱ्या महिन्यात खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, घरी एकट्या. रात्री दोनला जाग्या दिसल्या म्हणून जवळ गेले तर त्या त्यांच्या कुत्र्याबद्दल बोलायला लागल्या, चौदा वर्षांचा होता, आणि मग म्हणाल्या, "वी हॅड टू पुट हिम डाऊन." त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या घरी मी पुट द बेबी डाऊन ऐकलं होतं, म्हणजे बाळाला झोपवलं. मी हसून म्हटलं, "ओह, गुड." आजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सकाळी सीनियर सिस्टरने सांगितलं, पुट डाऊन म्हणजे जनावराच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवणं. मी जाऊन माफी मागितली, त्यांनी माझा हात थोपटला, पण कुत्र्याबद्दल त्या माझ्याशी परत काही बोलल्या नाहीत.

मागच्या महिन्यात एका आजोबांचा चहा तसाच पडला होता, गार झालेला. उचलायला गेले तर खिडकीकडे बघत म्हणाले, "शी स्लिप्ट अवे ऑन थर्सडे." आपल्याकडे म्हणतात ना, गुरुवारी गेली. मी कप तिथेच ठेवला, खुर्ची ओढली आणि तिचं नाव विचारलं.