११७ नंबरचा कारकून

सोमवार, रात्री पावणेबारा

आज भाच्यानं खिंडीत गाठलं. मी वहीत चिन्हं गिरवत बसले होते, तो मागून डोकावला.

"मावशी, हे काय?"

"लिपी आहे. लिनिअर बी. सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची."

"याची परीक्षा असते?"

"नाही."

"सर्टिफिकेट तरी?"

"नाही रे."

"मग?"

त्या 'मग?'वर मी गप्प बसले. उत्तरं नव्हती असं नाही. ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगते, मेंदूला व्यायाम होतो. भावाला सांगते, म्हातारपणी डोकं शाबूत राहील. एकदा तर एका साहेबांना 'पॅटर्न ओळखायची सवय कामात उपयोगी पडते' असंही ठोकून दिलं होतं. सगळ्या थापा. आठवीतल्या पोरासमोर त्यातली एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "आवडतं म्हणून." तो "हं" म्हणाला आणि निघून गेला. त्याचं समाधान झालं नाही हे उघड होतं.

मीही झोपलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात कशी झाली ते आधी नोंदवून ठेवते, नाहीतर पुढं मीच काहीतरी भारदस्त कारण रचेन. एका मासिकात एक फोटो होता. मातीची लांबट पाटी, तिच्यावर आडव्या रेघा आखलेल्या, रेघांवर बारीक चिन्हं. खालचा मजकूर वाचायच्या आधीच मला कळलं की हे हिशेबाचं पान आहे. गेली बावीस वर्षं मी खतावण्या भरतेय. डावीकडे नाव, उजवीकडे आकडे, तळाशी बेरीज. हा चेहरा मी झोपेतही ओळखेन. आकडे तर शिकवावेही लागत नाहीत: उभी रेघ म्हणजे एक, आडवी म्हणजे दहा, वर्तुळ म्हणजे शंभर, वर्तुळाला किरण फुटले की हजार. मी पेन्सिल घेऊन बेरीज केली. जुळली! भाषा कुठली, माणसं कुठली, कशाचाच पत्ता नव्हता, पण बेरीज जुळली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो माझ्या कंपनीचा ताळेबंद जुळल्यावर होतो त्याहून कितीतरी जास्त होता. तिथं जुळलं नाही तर नोकरीचा प्रश्न असतो. इथं कुणाचं काही अडलं नव्हतं.

बुधवार

बसमध्ये आज पुन्हा या लिपीच्या मागे लागलेल्या अ‍ॅलिस कोबरचा विचार करत होते. एक थांबा पुढे गेले.

क्रीट बेटावर नोसॉस इथं आर्थर इव्हान्सनं १९०० मध्ये उत्खनन सुरू केलं आणि या पाट्या ढिगानं निघाल्या. १९४१ मध्ये तो गेला तोपर्यंत त्या कुणालाही वाचता आल्या नव्हत्या. लिपी अनोळखी, भाषाही अनोळखी. दोन्हींपैकी एक तरी माहीत असलं तर धागा सापडतो, इथं दोन्ही हात बांधलेले. बहुतेक लोक करायचे काय, तर 'ही अमुक भाषा असणार' असं ठरवून चिन्हांना हवे ते उच्चार चिकटवायचे. कोबरला याची मनस्वी चीड होती. ती न्यूयॉर्कला ब्रुकलिन कॉलेजात शिकवायची. दिवसा वर्ग, रात्री पाट्या. कुठलं चिन्ह कुठं येतं, कुणाच्या शेजारी येतं, शब्दाच्या सुरुवातीला किती वेळा, शेवटी किती वेळा, हे सगळं ती चिठ्ठ्यांवर टिपून ठेवी. युद्धाच्या दिवसांत कागदाचा तुटवडा, म्हणून शुभेच्छापत्रांच्या पाठी, चर्चची पत्रकं, लायब्ररीच्या चिठ्ठ्या, जे हाताला लागेल ते कापून. अशा सुमारे १ लाख ८० हजार चिठ्ठ्या, सिगारेटच्या कार्टनमध्ये नीट लावलेल्या. माझ्यातल्या हिशेबनिसाला हे वाचून गहिवरून आलं. व्हाउचर असावीत तर अशी!

तिला काय सापडलं ते मला समजलं आपल्या बाराखडीमुळे. समजा, मराठी येत नसलेल्या माणसासमोर तीन शब्द आहेत: घोडा, घोडी, घोडे. आपल्या लिपीत डा, डी, डे सारखे दिसतात, त्यात 'ड' समोरच आहे. पण समजा, या तिघांना एकमेकांशी काडीचंही साम्य नसलेली तीन चिन्हं असती, तर? शब्दाची सुरुवात तीच, शेवटचं चिन्ह तेवढं बदलतंय. मग उच्चार माहीत नसतानाही म्हणता येतं की या तीन चिन्हांत व्यंजन एक आहे आणि स्वर वेगळे. कोबरनं हेच केलं. एकही उच्चार न लावता तिनं सिद्ध केलं की हे शब्द विभक्तीनं बदलतात. बेरजेपुढे येणाऱ्या शब्दाला पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशी दोन रूपं आहेत, हेही तिनं दाखवलं. आपल्या 'एवढे' आणि 'एवढ्या'सारखी. म्हणजे तिच्यासमोर बाराखडीचा आख्खा तक्ता उभा राहत होता, ओळी आणि रकाने बरोबर, फक्त एकाही चौकोनातलं अक्षर कसं उच्चारायचं ते माहीत नाही.

आणि १९५० मध्ये ती वारली. वय ४३. कुलूप उघडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी.

हे वाचल्यावर पहिल्यांदा मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तिचं आयुष्य 'अपुरं राहिलं' असं लोक लिहितात ते मला पटत नाही. चिठ्ठ्या लावताना तिचा हात किती रात्री आनंदानं थरथरला असेल याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

गुरुवार

काही नाही. ऑफिसातून यायला साडेनऊ झाले. वही उघडलीही नाही.

शनिवार, दुपार

आज कपाट आवरताना मागच्या वर्षीचा तो भयंकर तक्ता सापडला.

झालं असं होतं की 'एवढा वेळ घालवतेच आहेस तर नीट पद्धतशीर शिक' असं एका मैत्रिणीनं सुचवलं. मलाही ते पटलं. (हिशेबाच्या माणसांना 'पद्धतशीर' या शब्दानं कशालाही राजी करता येतं.) सुमारे ९० चिन्हं. रोज पाच. अठरा दिवसांत संपणार. रविवारी उजळणी, चुकलेल्या चिन्हांना लाल खूण. पहिले चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी पाहुणे आले. सहाव्या दिवशी दहा चिन्हं थकली. आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्या वहीकडे बघायचं टाळतेय, अगदी तसंच जसं न जुळणाऱ्या बँकेच्या पासबुकाकडे बघायचं टाळते. आवडीच्या गोष्टीवर मी थकबाकी चढवून घेतली होती! तक्ता मिटून कपाटात कोंबला. पुढं दोन महिने काही केलं नाही, आणि मग एका रात्री सहज, काही न ठरवता, वही पुन्हा उघडली. अजूनही मला ९० चिन्हं येत नाहीत. पन्नासेक येतात, त्यातली काही विसरून पुन्हा शिकते. दुसऱ्यांदा शिकताना पहिल्याइतकीच मजा येते, हा विसरभोळेपणाचा फायदा.

आणखी एक गोष्ट मला खटकते. बिनकामाच्या ज्ञानाची बाजू घेणारी माणसं शेवटी हमखास तेच उदाहरण देतात. गणिती जी. एच. हार्डीनं १९४० मध्ये अभिमानानं लिहिलं की मी आयुष्यात उपयोगाचं असं काही केलेलं नाही. संख्या सिद्धांताचं निरुपयोगीपण त्याला आवडायचं. आणि मग १९७७ मध्ये मूळ संख्यांवर आधारलेली आरएसए ही कूटपद्धत आली, आज तशा पद्धतींच्या जिवावर पैशांचे व्यवहार चालतात. बघा, शेवटी उपयोग झालाच ना! हे उदाहरण मीही पूर्वी दिलंय. पण आता ते मला फितुरीसारखं वाटतं. रिकामटेकड्या भाच्याला शेवटी नोकरी लागली म्हणून घरच्यांनी त्याला माफ करावं, तसं. म्हणजे उपयोग झाला नसता तर हार्डीचा आनंद खोटा ठरला असता का? लिनिअर बीचं बरं आहे. तिचा कधीही, कुणालाही, कसलाही धंदेवाईक उपयोग होणार नाही. मी निर्धास्त आहे.

रविवार, रात्र

आज दिवसभर पाऊस होता. मनसोक्त वाचलं.

कुलूप उघडणारा मायकेल व्हेंट्रिस पेशानं आर्किटेक्ट. १९३६ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, शाळेच्या सहलीत त्यानं म्हाताऱ्या इव्हान्सकडून ऐकलं की या पाट्या अजून कुणाला वाचता आलेल्या नाहीत, आणि ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. (आपल्याकडची ब्राह्मी १८३७ मध्ये वाचणारा जेम्स प्रिन्सेपही टांकसाळीतला नोकरदार होता. दिवसा नाण्यांचा कस लावायचा, उरलेल्या वेळात अक्षरांचा.) व्हेंट्रिसचं मत होतं की ही भाषा प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कनच्या नात्यातली असणार. अठराव्या वर्षी तसा लेखही छापून आणला. पुढं बारा वर्षं तो त्याच चुकीला धरून होता. जून १९५२ मध्ये त्यानं सहज एक टिपण काढलं, ही ग्रीक असली तर? त्याला त्यानं स्वतःच 'थिल्लर विषयांतर' म्हटलं. आणि तक्त्यातल्या चौकोनांत उच्चार पडत गेले. को-नो-सो, नोसॉस. को-वो, मुलगा. को-वा, मुलगी. बेरजेपुढचा शब्द तो-सो आणि तो-सा, म्हणजे 'एवढे'. १ जुलैला त्यानं रेडिओवर जाहीर केलं. चार वर्षांनी मोटारीच्या अपघातात तो गेला, चौतिसाव्या वर्षी.

पुरावा मात्र अगदी स्वयंपाकघरातून आला. ग्रीसमध्ये पिलोसला उत्खनन करणाऱ्या कार्ल ब्लेगनला सापडलेल्या एका पाटीवर भांड्यांची चित्रं होती. तीन पायांच्या भांड्याशेजारी ति-रि-पो. आपलं त्रिपाद! पुढं पेल्यांची यादी: चार कानांचा, तीन कानांचा, बिनकानाचा. क्वे-तो-रो-वे, ति-रि-ओ-वे, आ-नो-वे. यातला 'ओ-वे' म्हणजे खरोखरच कान. आपण कपाचा कान म्हणतो, तसाच तेही भांड्याचा कान म्हणत होते. 'ति-रि'त आपला त्रि, 'आ-नो-वे'च्या सुरुवातीला आपला नकाराचा अन्. आज मी मोठ्यांदा हसले. एकटीच.

आणि हिशेबाचा एक शब्द: पे-रु-सि-नु-वो, 'गेल्या वर्षीचा'. संस्कृतात गेल्या वर्षीला परुत् म्हणतात, पाणिनीच्या सूत्रात आहे तो. एकाच मुळातून आलेले दोन शब्द. मी रोज 'मागील वर्षाची शिल्लक' लिहिते. तीच नोंद.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाट्यांत कविता नाही, गोष्ट नाही, एकही पत्र नाही. फक्त हिशेब. मेंढ्या, तेल, रथाची चाकं. कच्च्या मातीच्या, नुसत्या वाळवलेल्या पाट्या. राजवाडा जळला त्या आगीत त्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून टिकल्या. माझ्या फायलींचं नशीब उलटं असणार.

लिहिणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत, पण अभ्यासकांनी हस्ताक्षरांवरून एकेक कारकून वेगळा काढून त्यांना नंबर दिलेत. नोसॉसच्या मेंढ्यांच्या शेकडो पाट्या एकाच हाताच्या आहेत: ११७. हा माझा माणूस. कळप शंभराचा भरायला हवा, नाही भरला तर कमी पडलेल्या मेंढ्यांच्या आकड्यापुढे तो एक चिन्ह काढतो, 'ओ'. ओ-पे-रो, म्हणजे येणे, तूट. कुठल्यातरी दुसऱ्या पाट्यांवर बैलांच्या जोड्या आहेत आणि त्या लिहिणाऱ्यानं बैलांची नावंही लिहून ठेवलीत. कबऱ्या, काळ्या, पांढऱ्या पायांचा, एक हंबरणारा. ढवळ्या-पवळ्या! सरकारी नोंदीत बैलाचं नाव लिहायची काय गरज होती, कुणास ठाऊक.

हे सगळं वाचत असताना भाचा आला. माझं हसू ऐकून आला असावा. म्हणाला, "माझं नाव लिहून दाखव."

निखिल. मी लिहिलं: नि-कि.

"आणि ल?"

"शेवटचं व्यंजन ते खातात."

"आणि ख?"

"क, ख, ग सगळ्यांना एकच चिन्ह. ल आणि र पण एकच, प आणि ब पण. बाळू आणि पारू दोघं सारखेच दिसतात, पा-रु."

"किती भंगार लिपी आहे," तो म्हणाला आणि पेन माझ्या हातातून काढून घेतला.

अकरा वाजेपर्यंत त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर वर्गातली मुलं उतरवून काढली. दोन मुली एकाच नावाच्या झाल्या, त्यावर बराच वेळ हसणं चाललं. मग मला विचारून खाली तो-सो लिहिलं, पुढं आडव्या तीन रेघा, उभ्या चार.

"पस्तीस हवेत," तो म्हणाला. "एकाचं नाव आठवतच नाहीये."

मी शेजारी 'ओ' काढून दिला आणि पुढं एक उभी रेघ.