समुद्रपक्ष्यांचा तिसरा मोसम: चार सफरी, एक कडा

गेल्या दोन मोसमांत ब्रिटनच्या बेटांवर मी सात सफरी केल्या, सगळ्या मार्गदर्शकाबरोबर. वहीत जातींपुढे बरोबरच्या खुणा वाढत गेल्या. हिवाळ्यात ती वही चाळत बसले तेव्हा जाणवलं, की रंगीत चोचीच्या पफिनचे तीनशे फोटो आहेत, पण समुद्रकड्यांवर दाटीने राहणाऱ्या गिलेमॉट पक्ष्यांचा एखादा कडा सकाळी किती भरलेला असतो आणि संध्याकाळी किती, एवढंही मला सांगता येत नाही. बेटावर उतरायचं, भराभरा सगळं बघायचं, शिट्टी झाली की बोटीत. लग्नाच्या पंगतीत उभ्याउभ्या जेवल्यासारखं.

म्हणून यंदा सफरी चारच ठेवल्या आणि कामं तीन. एक, गिलेमॉट आणि त्याच्यासारखाच दिसणारा रेझरबिल उडताना, चालत्या बोटीतून वेगळे ओळखणं. दोन, एकच कडा पुन्हा पुन्हा मोजून माझ्या मोजणीवर कितपत भरवसा ठेवायचा ते बघणं. तीन, मँक्स शिअरवॉटर, बिळात राहणारे आणि रात्रीच जमिनीवर येणारे समुद्रपक्षी. नवी जात मिळाली तर मिळाली.

मे, तिसरा आठवडा. फार्न बेटं, नॉर्थम्बरलंड.

सीहाउसेसहून बोट. इनर फार्नवर उतरण्याआधी सगळ्यांनी बूट जंतुनाशकात भिजवले. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथे थैमान घातलं, पुढचं अख्खं वर्ष उतरायला बंदी होती आणि २०२४ मध्ये बेट पुन्हा उघडलं. तेव्हापासून बूट बुडवताना कुणी कुरकुर करत नाही.

आर्क्टिक सुरयांनी नेहमीप्रमाणे डोक्यावर चोची मारल्या. हा पक्षी सर्वांत उंच भागावर हल्ला करतो, त्यामुळे टोपीच्या वर हात धरला की चोच बोटांवर निभावते. टोपी विसरलेल्या एका उंच गृहस्थांमुळे आमच्या बाकीच्या गटाचा बचाव झाला, देव त्यांचं भलं करो. शंभर ग्रॅमच्या आसपासचा हा जीव दर वर्षी अंटार्क्टिकच्या समुद्रापर्यंत जाऊन परत येतो. इथल्याच एका सुरयाच्या पायाला नोंदणी यंत्र बसवलं होतं, तेव्हा त्याचा २०१५-१६ चा एका वर्षाचा प्रवास सुमारे ९६,००० किलोमीटर भरला. अशा पक्ष्याने मला टोचलं तर मी काही बोलत नाही.

काम क्रमांक एक मात्र बोटीतच झालं. पुस्तकात लिहिलेलं असतं, की गिलेमॉट तपकिरी आणि रेझरबिल काळा. समुद्रावर उन्हाच्या विरुद्ध दिशेला हे साफ निरुपयोगी आहे. शिवाय उत्तरेकडचे गिलेमॉट दक्षिणेकडच्यांपेक्षा गडद असतात, त्यामुळे वेल्समध्ये पक्की केलेली खूण स्कॉटलंडमध्ये दगा देते. मला उपयोगी पडल्या त्या खुणा वेगळ्या. गिलेमॉटचे पाय शेपटीच्या मागे बाहेर डोकावतात आणि उडताना तो पाठीत किंचित पोक काढल्यासारखा दिसतो. रेझरबिलची शेपटी लांब, टोकदार, पाय तिच्याखाली झाकलेले. आणि काख! रेझरबिलची काख स्वच्छ पांढरी, गिलेमॉटची मळकट. जाताना वीस पक्षी मोठ्याने ओळखून मार्गदर्शकाकडून तपासून घेतले, अकरा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. परतताना वीसपैकी सोळा. चुकलेले चारही अंगावर येणारे होते. समोरून येणारा पक्षी ओळखायला मी अजून शिकलेली नाही.

जून, पहिला आठवडा. बास रॉक.

स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या समोर समुद्रातून उठलेला १०७ मीटर उंचीचा ज्वालामुखीचा खडक. दुरून त्याचा माथा पांढरा दिसतो, जवळ गेलं की तो पांढरा रंग हलायला लागतो. ते असतात गॅनेट, मोठे पांढरे समुद्रपक्षी. गॅनेटचं शास्त्रीय नाव मोरस बॅसॅनस, त्यातला 'बॅसॅनस' म्हणजे हाच बास. २०१४ च्या मोजणीत इथे गॅनेटच्या ७५,२५९ वसलेल्या जागा होत्या, जगातली सर्वांत मोठी वसाहत. बर्ड फ्लूनंतर २०२३ मध्ये ड्रोनने मोजल्या तेव्हा ५१,८४४ उरल्या होत्या. आकडे वाचून गेले होते, तरी खडकाच्या उतारावरचे मोकळे पट्टे बघताना पोटात कालवलं.

आमची सफर खडकाभोवती फेरी मारणारी होती, उतरणं नव्हतं. मी यावेळी फक्त डोळे बघायचे ठरवले होते. गॅनेटचा डोळा फिक्या निळ्या रंगाचा असतो. २०२२ नंतर काही पक्ष्यांचे डोळे पूर्ण काळे किंवा काळ्या ठिपक्यांचे आढळले. रक्त तपासल्यावर कळलं, की हे पक्षी आजारातून वाचलेले आहेत. बोटीजवळून गेलेल्या पक्ष्यांपैकी एकसष्ट जणांचे डोळे मला नीट दिसले. चार काळे. हा काही नमुना नव्हे, बोटीजवळ कोण येतं हा निव्वळ योगायोग. पण पुढच्या वर्षी याच बोटीतून याच पद्धतीने पुन्हा बघणार आहे.

एक सूचना: इथे ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरून उरते. मोठी लेन्स मी बॅगेतून काढलीच नाही. बोट हलते, पक्षी डोक्यावरून जातात, आणि कॅमेऱ्यात डोकं घातलं की डोळे मोजायचे राहतात. वाऱ्याच्या खालच्या बाजूला तोंड बंद ठेवा. कारण सांगत नाही.

जून, शेवटचा आठवडा. स्कोमर, एक रात्र.

या मोसमाचं सगळं वजन इथे होतं. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, मार्टिन्स हेवनहून बोटीने जवळच. दिवसाला २५० च माणसं उतरू शकतात, आणि रात्री मुक्कामाला फक्त १६. मुक्कामाची जागा मिळवायला मला दोन वर्षं लागली. अमावस्येच्या जवळची तारीख मुद्दाम घेतली होती, कारण खाली येईलच. वारा उत्तरेचा असला की धक्क्याला बोट लावता येत नाही आणि सगळंच रद्द होतं, त्यामुळे आधीचे चार दिवस मी वाऱ्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. वारा नैर्ऋत्येचा राहिला.

येताना सामान नीट तपासायला सांगतात, पिशवीत उंदीर तर नाही ना. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. पण जमिनीखाली बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर एक गाभण घूस उतरली की काय होतं ते लंडी बेटाने बघितलंय. तिथले उंदीर २००२ ते २००४ या काळात संपवले. त्याआधी जेमतेम तीनशे जोड्या उरलेले शिअरवॉटर २०२३ पर्यंत तिथे बारा हजार जोड्यांवर गेले.

धक्क्यावरून ८७ पायऱ्या चढून वर आलं की ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं. वाटेबाहेरची जमीन बिळांनी पोखरलेली असते, पाय पडला तर कुणाचं तरी घर कोसळतं.

दुपारची शेवटची बोट गेली आणि बेट एकदम शांत झालं. मी 'द विक' नावाच्या घळीपाशी जाऊन बसले. घळीच्या अलीकडच्या काठावर पफिन पायापाशी फिरतात आणि पलीकडे सरळसोट कडा, त्यावर गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक थरांनी. डावीकडची उभी भेग आणि उजवीकडचा विष्ठेचा पांढरा ओघळ अशी हद्द ठरवली, आतल्या तीन कपारी घेतल्या आणि हातातल्या मोजणी यंत्राने फक्त गिलेमॉट मोजले. चोचीत वाळूमासे घेऊन आलेला एक पफिन दोन वेळा माझ्यासमोर उभा राहिला. वाट मी अडवली होती. सरकले.

संध्याकाळी सहाला १८६. साडेसातला १७१. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला १९३, दहाला २०४, साडेअकराला १८९.

त्याच सकाळी दहाला काढलेला फोटो घरी मोठा करून मोजला तर २२३. म्हणजे प्रत्यक्ष बघताना मी दर बारा पक्ष्यांमागे एकाला तरी मुकत होते. कारण फोटोतच दिसतं: उबवणारे गिलेमॉट भिंतीकडे तोंड करून एकमेकांना खेटून उभे असतात, आणि मागच्या रांगेतल्याची पुढच्याच्या खांद्यावरून फक्त चोच दिसते. कपारीच्या आतल्या कोपऱ्यात तर मी सलग पाच वेळा तेच पक्षी गाळले होते. पक्षी जागा सोडतात, जोडीदार येतो-जातो, त्यामुळे आकडा वर-खाली होणारच. म्हणूनच खरी गणना करणारे जूनमध्ये, दिवसाच्या ठरावीक तासांत, वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी धरतात. हे वाचलेलं होतं. स्वतःचा १७१ आणि स्वतःचाच २०४ शेजारी लिहिला तेव्हा पटलं.

मोजता मोजता एक उपकाम निघालं. काही गिलेमॉटच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे जाणारी रेघ असते, चष्मा घातल्यासारखी. उत्तरेकडे जावं तसं असे चष्मेवाले वाढत जातात. माझ्या हद्दीत तीन सापडले. हाच हिशेब पुढे उत्तरेकडच्या बेटांवर करायचा आहे.

गिलेमॉट घरटं बांधत नाही. उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, नासपतीसारखं. ढकललं तर गोल फिरतं म्हणून पडत नाही, असं मीही लोकांना सांगत आले होते. पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड १९७२ पासून याच बेटावरच्या गिलेमॉटचा अभ्यास करताहेत. त्यांच्या गटाच्या प्रयोगांत दिसलं ते वेगळंच: या आकारामुळे अंडं उतरत्या खडकावर मुळात जागचं हलत नाही. तेव्हा माझी जुनी 'गोल फिरतं' कथा मागे घेते. ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी सोडून द्यावी.

रात्र.

अकरानंतर लाल टॉर्च घेऊन बाहेर पडलो. पांढरा उजेड पूर्ण बंद. साडेअकरापर्यंत काहीच नाही, नुसता वारा. मग पायाखालून आवाज आला, अक्षरशः जमिनीतून. कुणीतरी श्वास आत ओढत ओढत आरवायचा प्रयत्न करतंय, आणि मध्येच ठसका लागतोय. बिळात उबवणाऱ्या पक्ष्याला वरून येणारा जोडीदार उत्तर देतो. नराचा आवाज जरा मोकळा, मादीचा घोगरा. हे आधी ध्वनिमुद्रण ऐकून घोकलं होतं, पण पंधरा मिनिटांत सगळीकडूनच सुरू झालं तेव्हा नर-मादी वगैरे विसरले. २०१८ च्या अंदाजानुसार या बेटावर साडेतीन लाख जोड्या आहेत. त्यातली दहा-वीस हजार जरी त्या रात्री आमच्याभोवती असतील तरी कान बधिर व्हायला पुरे.

दिसत तर काहीच नव्हतं. हवेत सुईं आवाज, मग धप्प. शिअरवॉटर उतरत नाही, पडतो. पाय शरीराच्या पार मागे, पोहण्यासाठी घडलेले, त्यामुळे जमिनीवर तो छातीवर सरपटत जातो. एक माझ्या बुटावर आपटला, क्षणभर थांबला आणि खुरडत बिळात शिरला. समुद्रावर पंख टेकवून तासन्‌तास तरंगत जाणारा पक्षी जमिनीवर इतका लाचार असू शकतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणूनच तो अंधार बघून येतो. चांदण्यात काळ्या पाठीचे मोठे कुरव टपलेले असतात.

सकाळी त्याचा पुरावा वाटेवर पडला होता. पंख तसेच, मधलं सगळं खाल्लेलं. मुक्कामाच्या जागेपासून विकपर्यंत नऊ.

जाता जाता एक गंमत. या पक्ष्याचं शास्त्रीय नाव पफिनस पफिनस. आणि पफिनचं? फ्रॅटरक्युला आर्क्टिका. माझ्या यादीत हे दोघे दोन वर्षं एकमेकांच्या जागी होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर बोटीची वाट बघताना शेजारचं स्कोखोल्म दिसत होतं. पक्षी अभ्यासक रोनाल्ड लॉकली यांनी तिथून पाठवलेला एक शिअरवॉटर १९५२ मध्ये अमेरिकेत बोस्टनला विमानाने नेऊन सोडला होता. साडेबारा दिवसांनी तो आपल्या बिळात परत होता. त्याच्या सुटकेचं पत्र त्याच्यानंतर पोहोचलं. मी मात्र पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते शोधत वीस मिनिटं फिरले.

जुलै, दुसरा आठवडा. सेंट किल्डा.

नाही झालं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हॅरिसहून पहाटेची बोट होती. बेटं अटलांटिकमध्ये खूप आत, जायला जवळजवळ तीन तास, आणि तिथली खाडी आग्नेयेला उघडी, त्यामुळे त्या बाजूने लाट आली की उतरता येत नाही. आदल्या रात्री नऊला निरोप आला की सफर रद्द. राखीव दिवसही गेला. १९३० च्या ऑगस्टमध्ये उरलेले ३६ रहिवासी ते बेट सोडून आले. त्याआधी कित्येक पिढ्या फुल्मार, गॅनेट आणि पफिन यांच्यावर जगल्या. दोन दिवस बोट नाही म्हणून मी चिडले होते, आणि त्यांच्याकडे महिनोन्‌महिने बोट नसायची.

एक चूक कबूल करते: राखीव दिवस एकच ठेवला होता. अनुभवी लोक तीन सांगतात, मी पैसे वाचवले.

दुसरा दिवस धक्क्यावर रेनकोटमध्ये काढला. खाडीच्या तोंडाशी गॅनेट बुडी मारत होते. वय ओळखायचा सराव केला: पहिल्या वर्षीचा सगळा गडद करडा, मग डोकं आणि पोट पांढरं होतं, पाठीवर पियानोच्या पट्ट्यांसारखे काळे तुकडे राहतात, आणि पूर्ण पांढरा व्हायला चार-पाच वर्षं. दोन तासांत अठ्ठेचाळीस प्रौढ, पाच अर्धवट आणि दोन-तीन असे, की ज्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलंय. पावणेबाराला पाऊस वाढला. वही ओली झाली, शेवटच्या पानावरची शाई पसरली आणि प्रश्नचिन्हं तीन होती की दोन, ते आता वाचता येत नाही.