पुस्तकातला ए आणि वहीतला ए

सुलेखनाच्या वर्गाला मुलाला सोडायला आलेली आई निघता निघता हमखास विचारते, "सर, शाळेत स्मॉल ए गोल काढून शेजारी दांडी द्यायला शिकवलाय. पण ह्याच्या गोष्टीच्या पुस्तकात ए वेगळाच, वर वाकडी मान असलेला. एकाच अक्षराच्या दोन तऱ्हा कशाला?" दारात चपला घालता घालता सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून "दोन्ही बरोबर" एवढं बोलून मी सुटका करून घेतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट सांगतो. त्यासाठी इटलीत जावं लागेल, शाळेत आपण 'प्रबोधनकाळ' म्हणून पाठ केला त्या काळात.

त्या धड्यातलं एक वाक्य अजून सगळ्यांना येतं: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले पंडित ग्रंथ घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधन सुरू झालं. दोन मार्क पक्के. पण मॅन्युएल क्रिसोलोरस हे ग्रीक पंडित १३९७ मध्येच फ्लॉरेन्सला शिकवायला आले होते, तेही रीतसर बोलावणं गेलं म्हणून. इटलीचा कवी पेत्रार्क तर त्याच्याही आधीचा. त्याच्याकडे प्राचीन ग्रीक कवी होमरची ग्रीक पोथी होती आणि ती त्याला वाचता येत नव्हती, तरी तो ती जपून होता. १३४५ मध्ये व्हेरोनात त्याला सिसेरो ह्या प्राचीन रोमन वक्त्याची जुनी पत्रं सापडली. गडी इतका हरखला की मरून जवळजवळ चौदाशे वर्षं झालेल्या सिसेरोला त्यानं उलट पत्र लिहिलं, आणि त्यात त्याचीच कानउघाडणी केली, की म्हातारपणी राजकारणाच्या भानगडीत पडलात कशाला!

ह्याच पेत्रार्कचं एक गाऱ्हाणं मला फार जवळचं वाटतं. त्या काळचं अक्षर वाचताना डोळे दुखतात, अशी त्याची तक्रार होती. ते गॉथिक वळण. सगळ्या काळ्या उभ्या काठ्या, एकमेकींना खेटून. 'आय'वर टिंब देण्याची पक्की रीत नव्हती. मी वर्गात मुलांना कटनिबेनं, म्हणजे चपट्या टोकाच्या निबेनं, ह्या वळणात 'मिनिमम' लिहायला लावतो. तीन एमच्या नऊ काठ्या, दोन आयच्या दोन, एनच्या दोन, यूच्या दोन. पंधरा काठ्यांचं कुंपण तयार होतं. मग शेजारच्याला सांगतो, वाच आता.

पुढची गोष्ट पोज्जो ब्राच्चोलिनीची. फ्लॉरेन्समध्ये पोथ्या नकलून देणारा हा माणूस पुढे पोपच्या कचेरीत लेखनिक झाला. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं त्याच्या पोपलाच पदावरून काढलं, तशी ह्याचीही नोकरी गेली. रिकामा वेळ त्यानं आसपासचे मठ धुंडाळण्यात घालवला. १४१६ मध्ये सेंट गॅलच्या मठात, एका बुरुजाच्या तळाशी, धूळ आणि बुरशी चढलेला क्विंटिलियन, म्हणजे त्या रोमन पंडिताचा वक्तृत्वावरचा ग्रंथ, त्याला अख्खा सापडला. पुढच्या वर्षी रोमन कवी ल्युक्रेशियसचं काव्य. आता हे नुसते शोध म्हणून सांगतात, पण पोथी मठाबाहेर नेता येत नसेल तर तिथंच बसून ती उतरवून काढायची, हेच खरं काम होतं. क्विंटिलियन त्यानं स्वतःच्या हातानं नकलला.

तर ह्या जुन्या पोथ्यांचं वळण गोल, मोकळं आणि सुटं होतं. पोज्जो आणि त्याच्या मंडळींनी तेच उचललं आणि त्याला 'जुनं अक्षर' म्हणू लागले. जुनं खरं, पण रोमन नव्हे! सिसेरोनं हे वळण कधी पाहिलंही नसेल. सम्राट शार्लमेनच्या काळापासून, म्हणजे साधारण इसवी सन ८०० पासून, मठातल्या भिक्षूंनी घोटलेलं ते वळण. ज्या मधल्या काळाला ही मंडळी नावं ठेवत होती, त्याच काळाचं अक्षर त्यांनी गिरवलं. मला ह्याची फार गंमत वाटते. कॅपिटल अक्षरं मात्र त्यांनी खऱ्या रोमन शिलालेखांवरून घेतली. म्हणजे इंग्रजीच्या एकाच ओळीत छिन्नीचं अक्षर आणि भिक्षूच्या लेखणीचं अक्षर शेजारी शेजारी नांदतंय.

मान असलेला ए भिक्षूंच्या ह्या वळणातला. निकोलस जेन्सन ह्या मुद्रकानं १४७० मध्ये व्हेनिसला ह्याच वळणाचे छपाईचे सुंदर खिळे पाडले आणि तो पुस्तकात कायमचा बसला.

वहीतला ए पोज्जोचा मित्र निक्कोलो निक्कोली ह्याच्या घरातला. त्याला भराभर उतरवून घ्यायची सवय. हात वेगानं चालला की अक्षर तिरपं होतं, लेखणी कमी उचलली जाते आणि ए आपली मान टाकून देतो. पोथीला बाळबोध आणि रोजच्या लिहिण्याला मोडी, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १५०१ मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस ह्यानं ह्या तिरप्या वळणात रोमन कवी व्हर्जिलचं हातात मावेल एवढं पुस्तक छापलं; इटॅलिक म्हणतात ते हेच. पण शाळेपर्यंत हे वळण छापखान्यामुळे नाही, कित्त्यांमुळे पोचलं. रोमच्या लुदोविको अर्रिगीचा कित्ता १५२२ सालचा.

जाता जाता, हीच रोमन अक्षरं बोटीनं गोव्यालाही आली. १६१६ मध्ये इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तिथल्या रायतूरला छापलं तेव्हा सुमारे अकरा हजार मराठी ओव्या ह्याच लिपीत बसवल्या होत्या.

तेव्हा पोराला सांगा, मान असलेला ए वाचायचा, बिनमानेचा लिहायचा. मान असलेलाही काढून बघायचा हट्ट असेल तर कटनिब तिरकी धरू दे. आधी मान आणि पाठ, पोट शेवटी.